हलके हँडल

गाडी लाकडी ठोकळ्यांवर चढवली त्या दिवशी ह्यांनी इंजिन हाताने फिरवायचे हँडल माझ्या हाती दिले. "दर महिन्याच्या एक तारखेला प्रत्येक प्लगच्या भोकात चमचाभर तेल, आणि मग बारा फेरे. इंजिन जाम झालं की गाडी गेली. हे काम मी दुसऱ्या कुणावर टाकणार नाही," ते म्हणाले.

एकोणीस वर्षे मी ते काम केले. अंगात ताप असताना केले. हे गेले त्या महिन्यातही केले. पहिली सहा वर्षे हे वरच्या मजल्याच्या खिडकीत चहाचा कप घेऊन उभे राहत आणि बारावा फेरा झाला की हात वर करीत. पुढे खिडकी रिकामी झाली, तरी शेवटच्या फेऱ्यानंतर मान वर करण्याची माझी सवय गेली नाही.

हँडल अगदी हलके फिरे. याचा मला गर्व होता, तो मी कधी लपवला नाही. घरी आलेल्या पाहुण्यांना मी गॅरेजमध्ये नेई, लांबलचक बॉनेटवरची चादर दूर करी आणि एका हाताने फेरे घेऊन दाखवी. सहा सिलिंडरचे इंजिन या वयात एका हाताने! पाहुणे थक्क होत. माझा मुलगा त्या वेळी घड्याळ पाही.

ह्यांना गाडी उघडून पाहण्याची हौस, मला चालवण्याची. हे पाणीपुरवठ्यात इंजिनिअर होते. यंत्राशी त्यांचे जितके जमे तितके माणसांशी जमत नसे. घरात गाडी खरी मीच चालवली. ठोकळ्यांवर चढण्याआधी तिने केलेला शेवटचा लांबचा प्रवासही माझ्याच हातचा होता. ह्यांनी मला न विचारता माझ्या शाळेत माझ्या नावाने राजीनामा धाडला, तेव्हा मी एक बॅग भरली आणि गाडी काढून तडक धाकट्या बहिणीकडे गेले. अकरा दिवस राहिले. बहीण म्हणाली, "ताई, परत जाऊ नकोस." बाराव्या दिवशी मी स्वतःच्या पायांनी, खरे म्हणजे स्वतःच्या चाकांनी, परत आले. त्यावर घरात कुणी अवाक्षर काढले नाही. मला वाटले, विषय मिटला.

यंदा बहिणीचे पत्र आले. आता ती अंथरुणावरून उठत नाही. तिने लिहिले होते, 'एकदा ये. त्याच गाडीने ये. फाटकाशी हॉर्न वाजला की मी ओळखेन.'

"आई, मी टॅक्सी करून देतो," मुलगा म्हणाला.

"टॅक्सीचा हॉर्न ती ओळखणार नाही."

"अगं, एवढी वर्षं पडून आहे ती. कशाला उकरून काढतेस?"

"पडून नाही. मी तिला एकही महिना विसरलेले नाही."

जुन्या गाड्यांच्या कामात मुरलेला एक मिस्त्री मी स्वतः शोधून काढला आणि रविवारी सकाळी बोलावला. साठीचा बारीक माणूस, कानाला पेन्सिल, बोलणे तुटक. मी गॅरेजच्या दारात खुर्ची टाकून बसले. मुलगा भिंतीला टेकून उभा होता.

मिस्त्रीने आधी गाडीभोवती एक चक्कर मारली. पेट्रोलच्या टाकीत गंज आहे, ब्रेकचे रबर गेले आहे, वायरिंगवरचे सुती वेष्टण उंदरांनी खाल्ले आहे, पण कार्ब्युरेटर, डायनॅमो, सगळे मूळचे आहे, असे तो स्वतःशीच पुटपुटला. मग त्याने हँडल लावले आणि दोन बोटांनी फिरवले.

"पाहिलंत, किती हलकं आहे?" मी म्हणाले.

"बाई, फारच हलकं आहे." त्याने मुलाकडे पाहिले. "चांगल्या इंजिनानं हँडलशी थोडं भांडायला पाहिजे."

त्याने एक प्लग काढला, भोकावर अंगठा दाबून धरला आणि मला फेरे घ्यायला सांगितले. मी घेतले. "श्वास नाही," तो म्हणाला. दुसरा प्लग काढला, तिसरा काढला. सहाही भोके तपासून झाल्यावर त्याने एक लांब तार आत सोडली. वरच कुठेतरी अडायला हवी होती ती तार वीतभर, दोन वीत, आतच जात राहिली.

"आई, ऊन फार आहे, तू आत चल," मुलगा म्हणाला.

"मी सावलीत बसले आहे."

मिस्त्रीने पेन्सिल कानामागून काढून पुन्हा तिथेच ठेवली. "बाई, काल मला तुमच्या चिरंजीवांचा फोन होता. इंजिन कामातून गेलंय असं सांगा म्हणाले. मी म्हटलं, साहेब, बघितल्याशिवाय मी कुणाला मेलेलं म्हणत नाही." मग इंजिनाखालचा तेलाचा चेंबर उघडता उघडता तो म्हणाला, "आत पिस्टनच नाहीत. एकही नाही. तुम्ही नुसता मधला दांडा फिरवत होतात."

चेंबरमधून तेल वाहू लागले. एक घमेले भरले, दुसरे लावावे लागले. मधासारखे स्वच्छ तेल. चमचाचमचा करून मी घातलेले प्रत्येक महिन्याचे तेल सरळ खाली उतरून तिथे साचले होते.

मी मुलाकडे वळले. "बोल."

"बाबांनी काढले."

"कधी?"

"ठोकळ्यांवर चढवण्याआधी, तू पित्ताशयाच्या ऑपरेशनला दवाखान्यात होतीस तेव्हा. मी बॅटरीचा उजेड धरला होता."

"का काढले?"

त्याने मान खाली घातली. आज त्याचे केस पिकले आहेत, पण उभा राहिला तो प्रगतिपुस्तक लपवलेल्या पोरासारखा. "तू पुन्हा जाशील म्हणून. बाबा म्हणाले, गाडी विकली तर ती रागावेल. गाडी राहू दे, तिच्या हाताला काहीतरी असू दे."

"आणि ते गेल्यावर? तेरा वर्षं झाली."

"तू इतक्या मनापासून करायचीस गं. सांगायचं कसं?"

त्याच्या बायकोलाही ठाऊक होते. म्हणजे एक तारखेला घरातला प्रत्येक जण मला पाहत होता, आणि पाहुण्यांसमोर मी गर्वाने दंड दाखवीत होते.

पिस्टन माळ्यावर ह्यांच्या पत्र्याच्या ट्रंकेत निघाले. त्या ट्रंकेवरची धूळ मी दर वर्षी झटकली होती. "जड आहे, तू उचलू नकोस," असे हे बजावीत आणि मला ती काळजी वाटे. प्रत्येक पिस्टन त्याच्या दांड्यासकट मेणकागदात गुंडाळलेला, वर ह्यांच्या अक्षरात एक ते सहा आकडे.

"काम मात्र चोख केलंय," मिस्त्री म्हणाला.

"ते सगळंच चोख करीत."

मुलाने नवे इंजिन बसवून देण्याची तयारी दाखवली. मी नको म्हणाले. जे काढले तेच परत जाईल. दोन महिने मिस्त्री येत राहिला. टाकी साफ झाली, ब्रेकला नवे रबर आले, कार्ब्युरेटरचा एकेक सुटा भाग रॉकेलमध्ये धुऊन माझ्यासमोर वर्तमानपत्रावर मांडला गेला. मी रोज खुर्ची टाकून बसत होते. मुलगा रोज चहा घेऊन येई. मी चहा घेई, बोलत नसे.

काम पुरे झाले त्या सकाळी मी हँडल मागितले. दोन्ही हातांनी जोर लावला. ते अर्धा फेरासुद्धा फिरले नाही. खांद्यातून कळ आली. एकोणीस वर्षे जिला मी माझ्या हाताची ताकद समजत होते ती इंजिनाची पोकळी होती.

"हे असं असतं होय," मी म्हणाले.

"असंच असतं, बाई," मिस्त्री म्हणाला. त्याने हँडल माझ्या हातून काढून घेतले आणि मला चावीकडे खूण केली. मी आत बसून सेल्फ मारला. तिसऱ्या खेपेला इंजिन खोकले, धूर सोडला आणि मग एका लयीत चालू लागले.

मुलगा माझी बॅग घेऊन आला. ती त्याने मागच्या सीटवर ठेवली आणि काचेशी वाकला. "किती दिवसांनी येशील?"

मी गिअर टाकला. "मागच्या वेळी मी परत आले होते," मी म्हणाले. "मला कुणी आणलं नव्हतं. एवढं एक तुझ्या बापाला पुरलं नाही."

फाटकातून बाहेर वळताना सवयीने मान वर जाऊ लागली. मी ती वर जाऊ दिली नाही. पुढे रस्ता होता, आणि त्याच्या टोकाला हॉर्नकडे कान लावून पडलेली माझी बहीण.