जळक्या दोऱ्याचा वास

गालिचे धुण्याच्या त्या कारखान्यात सासऱ्यांच्या नाकापुढे बोलायची कुणाची टाप नव्हती. गालिचा आला की कडेचा एक दोरा उपसायचा, काडीने पेटवायचा आणि हुंगायचा. केस जळल्यासारखा वास आला तर लोकर नाहीतर रेशीम, खुशाल भिजवा. चकाकणाऱ्या गालिच्याला कागद जळल्यासारखा आला तर माल नकली, त्याला पाणी म्हणजे विषच. एवढ्याशा कामाला सून शेजारी उभी हवीच, हा त्यांचा हट्ट. तिला वाटे, म्हातारा मिरवायला प्रेक्षक मागतो.

त्या सकाळी दोघांची चांगलीच जुंपली होती. तिला धुण्याचं नवं मशीन हवं होतं. "मी असेपर्यंत नाही," म्हणून ते मोकळे. ती धुसफुसत असतानाच गल्लीतल्या नर्सबाईंचा निळा, चकचकीत गालिचा आला. त्यांच्या नवऱ्याने वारण्याआधी घेतलेली ती शेवटची वस्तू.

सासऱ्यांनी दोरा जाळला. तिला स्पष्ट कागदाचा वास आला. त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "अस्सल रेशीम. भिजव."

होऊ दे यांची फजिती एकदा, असं मनात म्हणत तिनेच पाणी सोडलं.

वाळल्यावर गालिचा पुठ्ठ्यासारखा ताठ झाला, वर पिवळे डाग. नर्सबाई भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी नुसता त्यावरून हात फिरवला, नळाशी जाऊन तोंड धुतलं आणि गालिचा तिथेच सोडून निघून गेल्या. सुनेला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"चूक माझी," सासरे खाली बसत म्हणाले. "दोन वर्षांपूर्वी तो ताप आला ना, तेव्हापासून मला वासच येत नाही."

"मग रोज सांगत कसे होता?"

"तुझ्याकडे बघून. केसांचा वास आला की तू तोंड वाकडं करतेस, कागदाला करत नाहीस. एकदाही चुकली नाहीस, पोरी. परवाही केलं होतंस. मलाच नीट कळलं नसेल."

ती गप्प राहिली असती तर निभावलं असतं. पण तिला राहवेना.

"बाबा, परवा तोंड तुमच्यावरच्या रागाने वाकडं होतं. वास कागदाचाच आला होता. मला ठाऊक होतं."

ते हळूच उठले. मग खिशातली काडेपेटी काढून त्यांनी तिच्या हातात दिली.

"उद्यापासून तूच जाळ," ते म्हणाले. "मी शेजारी उभा राहणार नाही."