आरशाकडे पाठ

"झालं," असं म्हणून दादाने हेडसरांच्या गळ्याभोवतीचं कापड झटकलं.

हेडसरांनी आरशात पाहिलं. उजवी बाजू इस्त्री केलेल्या शर्टासारखी चोख होती. डावीकडे मात्र महिन्याभराचं रान जसंच्या तसं कानावर लोंबत होतं.

"दादा, डावीकडे," शेजारच्या खुर्चीपाशी उभा असलेला धाकटा भाऊ दबक्या आवाजात म्हणाला.

तो शब्द ऐकला की दादाचं टाळकंच सरकायचं. दुकानातला दिवा बदलताना तो शिडीवरून पडला, डोक्याला मार बसला, त्याला आता आठ महिने झाले होते. डोळे धडधाकट होते, पण मेंदू डावीकडच्या कशाची दखलच घेत नव्हता. डॉक्टरांनी हे बायकोला समजावलं, बायकोने अख्ख्या घराला, आणि तेव्हापासून जो उठतो तो डावीकडे म्हणतो. डावीकडे दाढी राहिली. डावीकडची चप्पल कुठाय? अहो, डावीकडे मी उभी आहे, दिसत नाही का? नाही दिसत! दिसत असतं, तर माणूस रोज दाराच्या चौकटीवर खांदा कशाला आपटून घेईल?

"बघितलं मी डावीकडे," दादा म्हणाला. त्याला खरोखरच तसं वाटत होतं. हीच तर सगळी गोम होती.

धाकट्याने सुस्कारा सोडला. त्याचंही काही चुकत नव्हतं. आठ महिने दोन खुर्च्यांचं काम तो एकटा ओढत होता आणि सोमवारपासून दादाच्या खुर्चीवर नवा कारागीर येणार होता. त्याआधी एकदा हात चालवून बघू दे, असं दादाने हट्टाने मागून घेतलं होतं. हेडसर पंधरा वर्षांचं गिऱ्हाईक, म्हणून तेच आपलं डोकं द्यायला तयार झाले. आता बाकावर आणखी एक गृहस्थ येऊन घड्याळाकडे बघत पाय हलवत बसले होते.

"आण ती कात्री, मी उरकतो."

"हात लावू नकोस!"

"अरे, मग पुरं कर ना! सरांना काय अर्ध्या डोक्याने घरी पाठवायचं?"

"तू गप्प बसलास तर होईल."

"आठ महिने गप्पच तर बसलोय!"

"दोघंही गप्प बसा!" हेडसर कडाडले. चाळीस वर्षं वर्ग सांभाळलेल्या माणसाला पाठीमागची बडबड खपत नाही. त्यांनी पायाने रेटा दिला आणि खुर्चीसकट गर्रकन फिरून दोघांकडे तोंड केलं. "भांडायचं तर माझ्यासमोर भांडा. हे माझं डोकं आहे, तुमच्या वडिलांची इस्टेट नाही."

धाकट्याने जीभ चावली. दादा मात्र सरांकडे टक लावून बघत राहिला.

"अरे देवा," तो म्हणाला. "हे काय राहिलंय इथे?"

"तेच तर मघापासून..."

"सर, हलू नका."

सर समोरासमोर आल्यामुळे त्यांचा डावा कान दादाच्या उजव्या हाताला आला होता. त्याच्या लेखी ते रान आत्ता, या घडीला उगवलं होतं. त्याने त्यात कंगवा घातला. कात्री आधी अडखळली, मग तिला तिची जुनी चाल सापडली. तो आवाज ऐकत धाकटा होता तिथेच थबकला.

"तू काय करतोयस ते मला दिसत नाहीये," सर कुरकुरले. "आरसा मागे राहिला."

"राहू दे. मला दिसतंय."

बराच वेळ गेला. पूर्वी एवढ्या वेळात त्याची तीन डोकी व्हायची. अखेर दादा मागे सरला आणि त्याचा हात कापडाच्या गाठीकडे गेला. 'झालं' हा शब्द ओठांवर आला होता. पण मघाशीही तो असाच, अगदी खात्रीने आला होता. दादाला स्वतःचाच संताप आला. त्याने हात मागे घेतला.

"बघ रे एकदा," तो फरशीकडे बघत म्हणाला.

दादा हे आपल्याला म्हणतोय, हे धाकट्याला आधी पटेना. बावीस वर्षं स्वतःचं काम दाखवताना हे वाक्य तोच दादाला म्हणत आला होता. मग तो पुढे आला, वाकला आणि त्याने सावकाश सगळीकडून बघून घेतलं.

"कानामागे थोडं राहिलंय."

"कुठल्या कानामागे?"

जिभेवर आलेलं 'डाव्या' धाकट्याने गिळलं. त्याने खुर्ची आणखी थोडी फिरवली आणि जागेवर बोट ठेवलं. दादाने तेवढं कापलं.

"माझा नंबर कुणाकडे?" बाकावरच्या गृहस्थांनी वैतागून विचारलं.

"घाई असेल तर त्याच्याकडे बसा," दादा मान वर न करता म्हणाला. "माझ्याकडे वेळ लागतो."

सरांच्या डोक्याकडे नीट बघून गृहस्थ बाकावरच बसून राहिले. धाकट्याने एकवार दोन खुर्च्यांमधलं अंतर पाहिलं, मग दारापासून भिंतीपर्यंत पाच पावलं टाकून मोजली.

"म्हणजे सोमवारी तिसरी खुर्ची मांडणं आलं," तो करवादला. "आता एवढ्याशा दुकानात जागा कुठून आणू?"