काळ्या सूर्याची कॅसेट

मी एक जुनी कॅसेट आहे. मित्रांनो, शिलाँगच्या एका दुकानात तिथल्याच डोनबोक नावाच्या जवानाने माझ्यात आपली आवडती गाणी भरून घेतली. कडाडणारी गिटार आणि त्याहून कडाडणारा गळा! काळा पडलेला सूर्य, रक्तासारखा चंद्र, सात कर्णे आणि जगाचा अंत. हे सारे बायबलच्या शेवटच्या पुस्तकातले, असे तो बराकीत आपला दोस्त जयराज याला समजावून सांगायचा. माझे किती कौतुक होते तेव्हा!

शहाण्णव साली डोनबोक सीमेवर धारातीर्थी पडला. जयराजने मला ट्रंकेत घातले आणि सुट्टीवर कडेगावजवळच्या आपल्या गावी आणले. रोज तो मला लावून बसे. जेवणावरही त्याचे लक्ष नसे.

"काय वरडतोय रं त्यो एवढा?" त्याच्या आईने, अंबूबाईने विचारले.

"जग बुडायचं गाणं हाय, आई."

 लेकाला सोमवारी पुन्हा सीमेवर जायचे होते. घरात असले अभद्र नको, म्हणून तो उसाला पाणी द्यायला गेल्यावर ती मला घेऊन चुलीपुढे बसली. माझी फीत तिने हातभर ओढली. अंताची गाणी गाणारी मी, पण माझ्या अंताला मी फार भ्याले.

तेवढ्यात गोळ्या द्यायला नर्स चंद्राबाई आल्या. त्या ख्रिस्ती होत्या. सारे ऐकून म्हणाल्या, "आवं मावशी, ही गाणी जग जळतं तिथंच थांबत्यात. आमच्या शास्त्रात म्होरं आणि एक पान हाय. देव समद्यांच्या डोळ्यांतलं पाणी पुसतो. मग मरण म्हणून ऱ्हात न्हाई. पर कॅसेट कुणाची ही?"

"जयराजच्या दोस्ताची. ग्येला बिचारा." अंबूबाई थांबली. "त्येच्या आईचं पाणी कुणी पुसलं आसंल का वं बाई?"

चंद्राबाईंनी ओढलेली फीत चुलीपासून अलगद बाजूला घेतली.

अंबूबाईने पेन्सिल घेऊन माझी फीत हळूहळू गुंडाळली. मला ओटीच्या कोऱ्या खणात बांधून जयराजच्या हाती दिले. "त्येच्या आईला पोचती कर." दोस्ताची तेवढीच खूण जयराजपाशी होती. तरी पुढच्या सुट्टीत तो मला घेऊन शिलाँगला गेला.

आज मी डोनबोकच्या आईच्या कपाटात आहे. ओढलेल्या जागी माझे गाणे अजून अडखळते. खणाची रीत तिला ठाऊक नाही, तरी ऐकून झाले की ती मला त्याच खणात बांधून ठेवते. मित्रांनो, न कळणारी वस्तू चुलीत घालण्याआधी ती कुणाची आहे, एवढे तरी विचारा. कुणाच्या तरी लेकाचे तेवढेच उरलेले असते.