मोहाच्या दोन ओळी

१९६५ च्या पावसाळ्यात खंडेराव पाटलांनी बोईसरजवळच्या उघड्या टेकडीवर मोहाच्या दोनशे बिया लावल्या. एकही उगवली नाही. खंडेराव तारापूरच्या वीजप्रकल्पावर नकाशे काढत. रविवारी टेकडीवर खड्डे खणायचे, हा त्यांचा छंद. तिथे पूर्वी मोहच होते, कोळशासाठी तुटले, हे त्यांनी विचारून घेतलं होतं. बिया का उगवल्या नाहीत, हे मात्र कळेना.

पुढच्या जूनमध्ये ते पुन्हा टेकडीखालच्या पाड्यावर ठमीकडे आले. गेल्या वर्षीच्या बियाही तिच्याच दारातल्या मोहाच्या. आसपास तेवढा एकच उरला होता, आणि प्रकल्पाच्या नव्या रस्त्याच्या आखणीत तोही आला होता. आठवड्याभरात तुटणार होता. बी मिळण्याची ही शेवटची वेळ.

खंडेरावांनी फळं सोलून बिया गोणपाटावर पसरल्या.

"ठमीबाई, मागच्यासारख्या आठ दिवस चुलीजवळ वाळवा."

"वाळवीन. गेल्या साली तेल किती निघाला?"

"कसलं तेल? मी लावल्या त्या."

ठमी हसत सुटली. आत बसलेल्या नवऱ्याला हाक मारून म्हणाली, "सुका, आयकला काय? भाऊनी बी आदी मारला, मंग पुरला!"

खंडेराव जळगावकडचे. घरी ज्वारीचं बियाणं कडक वाळवून राखेत ठेवत; तेच त्यांनी इथे केलं. मोहाचं बी वाळवायचं ते तेलासाठी, हे पाड्यावर सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांनी विचारलं नव्हतं, कोणी सांगितलं नव्हतं.

"ओला हाय तवर लावायचा," ठमी म्हणाली.

त्याच दुपारी दोघांनी दीडशे बिया टेकडीवर लावल्या. वीस खंडेरावांनी मागे ठेवल्या, वाळवल्या आणि पुढच्या रविवारी वेगळ्या ओळीत पुरल्या.

"मेलेल्या कशाला?"

"तुमचं खरं की माझं, बघायला नको?"

जुलैअखेर त्यांनी दोन्ही ओळी तपासल्या आणि तडक पाड्यावर गेले. मोह आडवा पडला होता. ठमी खोडावर बसली होती.

"वाळलेल्या?" तिने विचारलं.

"एकही नाही."

"ओल्या?"

"एकशे बारा."

"तेरा," म्हणत तिने झोपडीमागे बोट दाखवलं. काट्यांच्या कुंपणात दोन तांबूस पानं वर आली होती.

"फुलं कधी येतील?"

"पंदरा वर्सा तरी नाय. तवर तुमी नकाशात रस्ता हलवू नका, मंग झाला."