सगळ्यांना सात

तांबोरीलमध्ये सिगारबद्दल मत नसलेला माणूस शोधून सापडायचा नाही. निम्मं गाव कारखान्यांत बसून तंबाखूची पानं वळतं आणि उरलेलं निम्मं, ती कशी वळायला हवी होती ते सांगतं. आम्ही त्या दुसऱ्या निम्म्यातले. फाउस्तो मास्तर शाळेत संगीत शिकवून निवृत्त झालेले, लिओनिदास वायरमन, आणि मी आमादोर, औषधांच्या दुकानाचा मालक. तंबाखूच्या धंद्याशी आमचा काडीचा संबंध नाही. नाद मात्र पक्का.

दर शनिवारी जेवणं आटोपली की मास्तरांच्या ओसरीवर डुलत्या खुर्च्या मांडल्या जायच्या. मास्तरांच्या पत्नी एर्सिलियाबाई सिगारींवरच्या कागदी पट्ट्या काढून टाकायच्या आणि सिगारी थाळीत घालून आणायच्या, म्हणजे कुठली कुणाच्या कारखान्यातली ते कळू नये. मग प्रत्येकाने ओढून दहापैकी गुण द्यायचे. चव सांगताना, जे कधी खाल्लं नाही त्याचं नाव घ्यायचं नाही, हा मास्तरांचा नियम. लिओनिदास एकदा कुठल्याशा खोक्यावर वाचून "चेरी" म्हणाला, तर मास्तरांनी "चेरी कधी खाल्लीस?" एवढंच विचारून त्याचं मत बाद केलं होतं.

मास्तर स्वतः बोलायला लागले की ऐकत राहावं. एकदा धूर तोंडात घोळवत ते म्हणाले, "सुट्टीनंतर उघडलेला वर्ग आहे हा. आणि कुणीतरी दप्तरात पेरूची वडी विसरलंय." आम्ही परत ओढून बघितली. खरंच, पेरू होता.

मग तापाची साथ आली आणि मास्तर बरेच दिवस अंथरुणाला खिळले. उठून ओसरीवर आले खरे, पण त्यांचं बोलणं आटलं होतं. कुठलीही सिगार द्या, "बरी आहे, सात." उत्तम असली तरी सात, टाकाऊ असली तरी सात. मला वाटलं, अशक्तपणा असेल. लिओनिदास म्हणायचा, शाळेत सगळ्यांना नापास करायचे, त्या पापाची फेड चाललीय.

लिओनिदासला थट्टा केल्याशिवाय राहवत नाही. त्याने एक चांगली सिगार कपडे धुवायच्या साबणाच्या खोक्यात मुरवत ठेवली आणि एका शनिवारी गुपचूप मास्तरांच्या हातात दिली. मास्तरांनी नेहमीच्या ऐटीत टोक कापलं, सावकाश पेटवली, डोळे मिटून धूर घोळवला. आम्ही वाट बघत होतो, आणि बहुधा म्हणूनच त्यांना या वेळी काहीतरी बोलावंसं वाटलं असावं.

"कॉफी," ते म्हणाले. "थोडं भाजलेलं खोबरं. हिला आठ द्यायला हरकत नाही."

लिओनिदास मांडीवर थाप मारून हसला आणि त्याने सिगार माझ्याकडे दिली. एका झुरक्यात माझं तोंड वाकडं झालं. मी वर पाहिलं तर मास्तर माझ्याच तोंडाकडे बघत होते. लिओनिदासचं हसू तोवर विरलं होतं.

"कशाची चव आहे?" मास्तरांनी विचारलं.

"साबणाची," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. खुर्चीच्या दांड्यावर हात टेकून उठले आणि आत गेले.

पुढच्या शनिवारी ओसरीवर खुर्च्या नव्हत्या. त्याच्या पुढच्या शनिवारीही नव्हत्या. लिओनिदास तर मास्तरांचं घर टाळून लांबच्या रस्त्याने कामाला जायला लागला. मग एका सकाळी एर्सिलियाबाई मास्तरांच्या रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला दुकानात आल्या. गोळ्या पिशवीत टाकून झाल्या तरी हलेनात. शेवटी म्हणाल्या, तापानंतर मास्तरांना कसलाच वास येत नाही हे आपल्याला पहिल्यापासून माहीत होतं. एकदा भात करपून घरभर वास सुटला आणि मास्तर चुलीशेजारी खुशाल पेपर वाचत बसले होते.

"मग तुम्ही बोलला का नाहीत?" मी विचारलं.

"तो लपवत होता ना. लपवायला काहीतरी आहे तोवर माणूस रोज दाढी तरी करतो. आता तेही सोडलंय." त्यांनी पिशवीची गाठ मारली. "या शनिवारी या. लिओनिदास आला नाही तर कान धरून आणा."

कान धरावा लागला नाही. तो पिशवीभर अव्होकाडो घेऊन फाटकाशी माझ्या आधीच उभा होता. मास्तरांना बाईंनी कसं बाहेर काढलं कोण जाणे, पण ते दाढी वाढलेल्या चेहऱ्याने खुर्चीत बसले होते. पिशवीकडे बघून म्हणाले, "धुऊन आणलेस की साबणासकट?" लिओनिदास इतका ओशाळला की मलाच त्याची दया आली.

मग एर्सिलियाबाई थाळी घेऊन आल्या, पण ती ठेवून आत गेल्या नाहीत. चौथी खुर्ची ओढून बसल्या आणि एक सिगार उचलली.

"तू?" मास्तर म्हणाले.

"जन्मभर या धुराने माखलेले पडदे धुतलेत. एकदा आतून बघू दे की."

पहिल्याच झुरक्याला त्यांना ठसका लागला. डोळ्यांत पाणी आलं. मास्तर पुढे सरकले. "धूर आत ओढायचा नाही. तोंडातच ठेव. गाण्याआधी श्वास धरतात तसा."

बाईंनी ठेवला.

"काय लागतंय?"

"धूर."

"धूर सगळ्यांनाच लागतो. नीट बघ."

बाईंनी डोळे मिटले. "तुझ्या आईचं स्वयंपाकघर," थोड्या वेळाने त्या म्हणाल्या. "मागच्या दाराशी ती कॉफी भाजायची, ती जागा."

"बरोबर भाजलेली, की करपलेली?"

"जराशी करपलेली. ती शेजारणीशी बोलत बसायची ना."

मास्तरांनी त्यांच्या हातातून सिगार घेतली, बोटांनी दाबत शेवटापर्यंत चाचपली. ही फार घट्ट वळलीय, म्हणून तापतेय, म्हणून करपट लागते, असं त्यांचं म्हणणं पडलं. "हळू ओढ," त्यांनी सांगितलं. बाईंनी हळू ओढली. मास्तर त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. नवीन विद्यार्थ्याला पहिला सूर लावताना बघायचे, तसे.

"आता?"

"आता गोड काहीतरी आलंय. सांगते. घाई कसली आहे तुला?"

मास्तरांची वास घ्यायची शक्ती काही परत आली नाही. डॉक्टर म्हणतात, येईल किंवा नाही येणार. पण शनिवार परत सुरू झाले. सिगार कशी वळलीय, कशी जळते, राख कशी पडते, याचे गुण मास्तर बोटांनी आणि डोळ्यांनी देतात, चवीचे एर्सिलियाबाईंचं ऐकून. बाई आमच्यापेक्षा कडक निघाल्या. आम्ही डोक्यावर घेतलेल्या सिगारीला त्या सरळ "ओलं पायपुसणं" म्हणतात. एकदा मास्तरांना बरं वाटावं म्हणून त्या खोटंच गोडगोड सांगायला लागल्या, तर मास्तर म्हणाले, "नाक मुरडलंय तुझं. खरं सांग."

परवाच्या शनिवारी त्यांच्या वाट्याला एक काळपट, लांब सिगार आली. बाईंनी ती पेटवली आणि सावकाश अर्ध्यापर्यंत ओढली. खुर्ची हळूहळू डुलत होती.

"काय लागतंय?" मास्तरांनी विचारलं.

"पुएर्तो प्लाताचा समुद्र."

"समुद्राचं काय? मीठ?"

"मीठ नाही." त्यांनी राख झटकली. "आपण लग्नानंतर गेलो होतो तेव्हाचा आहे. बाकीचं चारचौघांत सांगण्यासारखं नाही."

लिओनिदास एकदम रस्त्यावरच्या विजेच्या खांबाचं निरीक्षण करायला लागला. मास्तरांचे कान लाल झाले होते.

"मग गुण?" त्यांनी हळूच विचारलं.

"ते आत गेल्यावर देते," एर्सिलियाबाई म्हणाल्या.

माझी सिगार निम्मीही संपली नव्हती. तरी मी ती विझवली, लिओनिदासला कोपराने ढोसलं, आणि आम्ही दोघं टोप्या उचलून निघालो.