मोठ्या स्पीकरवर वाजवून पाहू

नातीबद्दल पुंडलिकरावांचं म्हणणं एकच होतं. पोट्टी मोबाईलच्या आवाजाकडे वळून पाहत नाही, यात पोट्टीचा दोष नाही, मोबाईलचा आहे.

"तो काय आवाज हाय?" ते म्हणायचे. "डब्यात माशी कोंडल्यासारखा. मी तरी वळून पाहतो काय त्याच्याकडे?"

सासऱ्यांशी वाद घालायची सत्यशीलाची रीत नव्हती, आणि खरं सांगायचं तर बाबांचंच खरं निघो, असं तिलाही आतून वाटायचं. उर्वशी तिची पहिली मुलगी. वर्षाची व्हायला आलेली. हसायची, रांगायची, आईची ओढणी धरून उभी राहायची. पण मागून हाक मारली तर वळायची नाही. म्हणजे कधी वळायची, कधी नाही. वळली की सासूबाई, विमलताई, टाळी वाजवायच्या, "पाह्य, ऐकलं!" नाही वळली की म्हणायच्या, "खेळात गुंग हाय लेकरू."

सत्यशीलानं मात्र कुणाला न सांगता लक्ष ठेवलं होतं. पोळ्या लाटता लाटता ती पाठमोऱ्या लेकीला हळूच हाक मारायची. उर्वी. मग जरा मोठ्यानं, उर्वी. मग तव्यावरची पोळी करपायची. लेक वळायची ती दारातला उजेड हलला तर, भिंतीवर सावली पडली तर. रात्री दूध पाजताना तिच्या कानाची ती नाजूक, गुलाबी पाळी आई बोटानं चाचपत बसायची. इतका देखणा कान. यात काही कमी असेल, असं कुणाला वाटावं?

पांढरकवड्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, नागपूरला नेऊन तपासणी करा. बाळाला झोपवून डोक्याला बारीक तारा लावतात आणि आवाज आतपर्यंत पोचतो की नाही ते मशीन सांगतं. लवकर करा, म्हणाले, बोलणं मागे पडायच्या आत. पुंडलिकरावांनी ते ऐकलं आणि उठून अंगणात गेले. पोस्टात जन्म घालवलेला शांत माणूस, पण त्या दिवशी अंगणातून ओरडले, "एवढ्याश्या पोट्टीच्या डोक्याले तारा लावता? आपला प्रफुल्ल बी तीन वर्षाचा होईस्तोवर बोलला नव्हता!"

मग दोन-चार दिवसांनी त्यांनीच तोड काढली. "पहिले माह्या स्पीकरवर वाजवून पाहू. त्याच्यावर बी नाही वळली, तर न्या नागपूरले. मी आडवा येत नाही."

त्यांचे स्पीकर म्हणजे कमरेइतक्या उंच दोन लाकडी पेट्या, तोंडाला काळं कापड लावलेल्या. नोकरीत असताना नागपूरहून आणलेल्या, सोबत जडशीळ अ‍ॅम्प्लिफायर. एप्रिलात जयंतीच्या सकाळी दार उघडं ठेवून त्यांनी भीमगीतं लावली की गल्लीतली माणसं चहा घेऊन ओट्यावर येऊन बसायची. पुढे कॅसेटवाला भाग बिघडला आणि दुरुस्त करणारा उरला नाही. पेट्या तशाच कोपऱ्यात राहिल्या. आता गाणी सगळी टीव्हीत आली होती, पण नव्या चपट्या टीव्हीला जुन्या लाल-पांढऱ्या वायरचं भोकच नव्हतं. मागे एक चौकोनी फट तेवढी होती, आत लाल उजेड. म्हणून हैदराबादला गोदामात सुपरवायझर असलेल्या प्रफुल्लनं एक डॅक पाठवला. नव्या टीव्हीचा आवाज जुन्या मशीनला जोडून देणारी, काडेपेटीपेक्षा जराशी मोठी काळी डबी.

रविवारी दुपारी त्याची सुट्टी. सत्यशीलानं मोबाईल साखरेच्या डब्याला टेकवून ठेवला आणि व्हिडिओवर नवऱ्याचं तोंड आलं.

"लाल-पांढरी वायर डबीतून मशीनले," प्रफुल्ल म्हणाला. "बाबा, मागं ऑक्स लिहिलं हाय ना, तिथं."

"मले नको शिकवू. हे मशीन या घरात तुह्या आधी आलं."

"म्हणूनच तुमचा जीव त्याच्यावर जास्त."

"ते उलटून बोलत नाही ना."

सत्यशीला हसली. टीव्हीच्या मागे ती गुडघ्यावर बसली होती आणि एक डोळा लेकीवर होता. उर्वशी खोलीच्या मधोमध, लोकरीची कानटोपी घालून, चमच्यानं वाटी बडवत होती.

"आता ती काळी तार टीव्हीच्या चौकोनात. तिच्यातून करंट नाही जात, उजेड जाते."

"उजेड?" विमलताई भाजी निवडता निवडता थांबल्या. "आन आवाज कोठून जाते मंग?"

"आवाजाचे आकडे होते, आई. ते आकडे उजेडातून जाते. बाबांच्या जुन्या मशीनले आकडे समजत नाही, म्हणून डबी त्याचा वापस आवाज करून देते."

"म्हंजे दुभाषा," पुंडलिकराव म्हणाले आणि डबीकडे जरा आदरानं पाहिलं.

पण दुभाषा काही बोलेना. तार चौकोनात घुसेना. दाबली तर अडकल्यासारखी व्हायची, सोडली की गळून पडायची. पुंडलिकरावांनी दाबून पाहिली, सत्यशीलानं उलटी करून पाहिली. टीव्हीवर गायक तोंड हलवत होता आणि पेट्या मुक्या. मोबाईलवर प्रफुल्लचं चित्र तोंड उघडं ठेवून अडकलं, मग सुटलं.

"टोकाचं प्लास्टिक काढलं ना?"

"कोणतं प्लास्टिक?" सत्यशीलानं विचारलं.

विमलताई भाजीतून मान वर न करता म्हणाल्या, "बारीक टोपण हाय त्याले. मीच म्हटलं बाबाले, राहू द्या. नव्या वस्तूचं कायले काढा, धूळ बसते."

"आई! रिमोट दोन वर्षापासून पिशवीत हाय तुह्या."

"म्हणून तर चालून राह्यला."

पुंडलिकराव इतके हसले की त्यांना ठसका लागला. या घरात सोफ्याचं प्लास्टिक फाटेपर्यंत निघत नसे, घड्याळाच्या काचेवरची झिल्लीही आपली आपण सुटली तरच. सत्यशीलानं नखानं दोन्ही टोकांची टोपणं काढली, लेकीच्या तोंडात जायला नकोत म्हणून ओढणीच्या गाठीत बांधली. तार टक्‌ करून बसली. पेट्यांतून खरखर आली, नुसती खरखर, तळणात पाणी पडल्यासारखी.

"आली! आता टीव्हीच्या सेटिंगमध्ये जा, आवाजामध्ये. पीसीएम दाबलं की गाणं लागते. दिसलं काय?"

दिसलं. रिमोट तिच्या हातात होता, पिशवीसकट. बोट बटणावर होतं. आणि तिच्या मनात आलं, नको लागू दे हे. बिघडलेलंच असू दे. डबी मुकी आहे तोवर लेकीला कुणी काही म्हणू शकत नाही. खरखर चालू होती आणि उर्वशी, पेट्यांकडे पाठ करून, वाटीत चमचा फिरवत होती.

"दिसलं काय वो?" प्रफुल्लनं पुन्हा विचारलं.

तिनं बटण दाबलं.

गाणं आलं ते खोलीभर आलं. हार्मोनियम, झांज, ढोलकी, आणि त्यावर चढलेला तो खणखणीत गळा. पुंडलिकरावांचे डोळे मिटले, क्षणभरच. मग त्यांनी डोळे उघडून नातीकडे पाहिलं. तिघांनीही पाहिलं.

उर्वशीनं चमचा वाटीतून काढला. तोंडात घातला.

"कानटोपी काढ तिची," विमलताई घाईनं म्हणाल्या. "कसं ऐकू येईन बिचारीले."

सत्यशीलानं टोपी काढली. घामानं चिकटलेले केस मागे सारले. पुंडलिकरावांनी आवाज वाढवला, अजून वाढवला. बाहेर गल्लीतून कुणीतरी "वा, पुंडलिकराव!" म्हणालं. शेजारचा कुत्रा भुंकला. लेकरू चमचा चावत राहिलं.

मग चमचा हातातून सुटला आणि घरंगळत पेटीपाशी गेला. उर्वशी त्याच्यामागे रांगत गेली. उठण्यासाठी तिनं पेटीच्या काळ्या कापडावर हात टेकला, आणि थबकली. डोळे मोठे झाले. दुसरा हातही टेकला. मग ती हसली, नुकत्याच आलेल्या दोन दातांनिशी, सगळं अंग हलवून.

"पाहलं!" पुंडलिकराव ओरडले. "पाहलं काय वो बाई! म्हटलं होतं ना मी! पोट्टी ऐकून राह्यली!"

विमलताईंनी डोळ्याला पदर लावला. "दाखवा ना मले," प्रफुल्ल मोबाईलमधून ओरडत होता. सत्यशीलानं मोबाईल उचलून लेकीसमोर धरला. ती हसत होती, रडत होती, आणि त्या घडीला तिचा पुरता विश्वास बसला होता. मोठा आवाज हवा होता लेकीला, बस्स.

"लय धमधम करून राह्यली ढोलकी," पुंडलिकराव म्हणाले. गाण्यातला गळा त्यांना सर्वांत प्यारा. "थांब, माय माही. तुले शब्द साफ ऐकवतो." त्यांनी बेसचं, धमधम कमी-जास्त करायचं, बटण पार खाली फिरवलं.

धमधम गेली, तिच्याबरोबर कापडाची थरथरही. गळा मोकळा झाला, एकेक शब्द धुतल्यासारखा. आवाज तेवढाच मोठा.

उर्वशीचं हसू थांबलं. तिनं कापडावर हात आपटून पाहिला. पुन्हा आपटला. मग हात उचलून तळवा पाहिला, आणि वळून आईकडे पाहिलं. ओढणीआड लपून आई पुन्हा दिसली नाही तर जशी पाहायची, तशी.

पुंडलिकरावांचा हात बटणावरच होता. त्यांनी ते हळूहळू वर नेलं. धमधम परत आली. लेकरानं कापडाला दोन्ही तळवे लावले आणि खुदकन हसलं. त्यांनी बटण खाली नेलं. हात गळून पडले. आणखी एकदा फिरवून पाहायची हिंमत त्यांना झाली नाही.

"काय झालं?" प्रफुल्लनं विचारलं. "काहून गप झाले सारे? आवाज तर येऊन राह्यला. मले इथं हैदराबादले साफ ऐकू येऊन राह्यलं."

विमलताईंनी सोललेली शेंग पुन्हा सोलायला घेतली.

पुंडलिकरावांनी बेस शेवटपर्यंत चढवला, इतका की गायकाचे शब्द फाटले, काही कळेनासं झालं. मग गुडघ्यावर हात देत ते फरशीवर, नातीच्या शेजारी बसले. आपला सुरकुतलेला पंजा त्यांनी त्या दोन पंजांच्या बाजूला कापडावर ठेवला. पोरीनं त्यांच्याकडे पाहून हसून दाखवलं. त्यांनीही मान डोलावली, जमेल तशी.

"नागपूरची पहिली गाडी कवा हाय, बाई?" त्यांनी विचारलं. आवाजात त्यांचं बोलणं ऐकू आलं नाही, ओठांवरून सत्यशीलाला कळलं.

कित्येक आठवडे तिला हेच ऐकायचं होतं आणि हेच नकोही होतं. तिनं मोबाईल खाली ठेवला, लेकीच्या दुसऱ्या बाजूला बसली आणि आपलाही तळवा कापडावर टेकवला.