रिकामी ट्रॉली

"लोखंड बी आता बीटीच्या नकली बियाण्यावानीच निघालं वाटते," तानुबाई माझ्या कानाशी पुटपुटल्या. "पाकिटावर एक, वावरात दुसरंच."

मला हसता आलं नाही. त्यांचा पाय प्लास्टरमध्ये होता, आणि सरस्वतीबाई खामगावच्या दवाखान्यात अजून डोळे उघडत नव्हत्या. परवा सकाळी दोघी आमच्याकडे कापूस वेचायला येत होत्या. नाल्याच्या चढावर ट्रॅक्टरचा हूक तुटला, ट्रॉली मागे घरंगळली आणि उलटली.

"भरल्या कापसात तुटला नाही, अन् रिकाम्या ट्रॉलीनं तुटला?" आमचे हे, पंजाबराव, हुकाचे दोन तुकडे एकमेकांना लावून पुन्हा पुन्हा पाहत होते. कोडं मलाही सुटत नव्हतं.

नौशाद आमचा नेहमीचा वेल्डर, वडनेर भोलजीतला. दरसाल बोंडं फुटली की ट्रॉली शिगोशिग भरायची, ओझ्याच्या ताणानं हूक उघडायचा, आणि नौशाद त्याला थंडाच ठोकून मिटवायचा. वरून काळा रंग द्यायचा. हूक अगदी नवा दिसायचा.

आज आमच्या अंगणात त्यानं तुकड्याची तुटलेली बाजू उन्हात धरली. "हे काळं हाय न भाऊ, ते जुनं चिरलेलं. चमकते तेवढंच परवाचं. फवाऱ्याची फायबरची दांडी कडकन तुटते, आधी सांगत नाही. लोखंड सांगते, पह्यले ताणते, वाकते. ठोकलं की दिसते सरळ, पण आतून थकते."

"मंग भरल्या ट्रॉलीत काऊन नाही तुटलं?"

"तवा आतलं थोडं लोखंड बाकी होतं."

म्हणजे नेमकं चुकलं कुठं, ते काही हाती लागेना. यांनी रस्त्याला दोष दिला, नौशादनं लोखंडाच्या जातीला. मी मनातल्या मनात नाल्याला देऊन टाकला. तो बिचारा बोलत नाही.

"बरं, आज जोडून तर दे बे," हे म्हणाले. "वेचणी अडून राह्यली. रिकामीच तर न्यायची हाय वावरात."

नौशादनं वेल्डिंगची काच डोळ्यांपुढे धरली, पण हुकाला रॉड काही टेकवला नाही.

तानुबाईंनी काठी पुढे सरकवली.

"पंजाबराव, हूक दरसाल उघडत होता हे आपण सगळ्यायनं पाह्यलं होतं. अन् ट्रॉली रिकामी नव्हती. आमी होतो तिच्यात."